टेम्पो गोरेगावचा, माणूस नगरचा

घर बदलायचं असलं की आपण टेम्पो बोलावतो. गणपती आणायचा तरी टेम्पो, विसर्जनालाही टेम्पो. गॅदरिंगच्या सेटचं सामान दादरहून कॉलेजपर्यंत आणायचं, तरी कोणीतरी म्हणतंच, अरे एक टेम्पो सांग ना! मग येणारी गाडी टाटाची असो, महिंद्राची असो की आणखी कोणाची, आपल्या दृष्टीने ती टेम्पोच. मित्रांनो, हा शब्द मराठीत आला तो एका कंपनीच्या नावावरून, आणि ज्या कारखान्यातून ती गाडी पहिल्यांदा आपल्या रस्त्यांवर उतरली तो कारखाना होता आपल्या गोरेगावात. मी जन्मापासून गोरेगावची. फिल्मसिटी, आरे कॉलनी, फिल्मिस्तान यांबद्दल लहानपणापासून ऐकत आले. पण टेम्पोचा कारखाना इथे होता हे मला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षात कळलं, तेही टू-स्ट्रोक इंजिनाच्या जर्नलसाठी माहिती शोधताना.

त्या कारखान्यामागचा माणूस म्हणजे नवलमल कुंदनमल फिरोदिया. पुण्याकडच्या मुलांना हे आडनाव फिरोदिया करंडकामुळे लगेच ओळखीचं वाटेल. पण हिंदुस्थानात ऑटोरिक्षा आणण्याची कल्पना ज्यांच्या नावावर आहे ते हेच नवलमल, हे होस्टेलमध्ये दहा जणांना विचारून बघा, किती जणांना माहीत आहे ते! आमच्या कॉन्व्हेंटमध्ये जेम्स वॉट आणि हेन्री फोर्ड यांचे धडे होते. फिरोदियांचा नव्हता. म्हणून हा लेख.

नवलमल यांचा जन्म १९१० सालचा. घर अहमदनगरचं (२०२४ पासून या शहराचं अधिकृत नाव अहिल्यानगर आहे). पूर्वज मारवाडातून आलेले जैन व्यापारी, पण घरातलं वातावरण दुकानापेक्षा कोर्टाचं आणि काँग्रेसचं जास्त. वडील कुंदनमल फिरोदिया हे नगरचे नावाजलेले वकील आणि स्वातंत्र्यसैनिक. १९४६ ते १९५२ या काळात ते मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते. त्या वेळी महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झालेले नव्हते, म्हणजे केवढ्या मोठ्या प्रांताच्या विधानसभेची ती खुर्ची होती याचा विचार करा.

नवलमलही कायदा शिकले. इंजिनिअरिंगची डिग्री त्यांच्याकडे नव्हती, हे आपण मेकॅनिकलवाल्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावं. घरात चाललेली वकिली होती, वडिलांचं नाव होतं, म्हणजे आयुष्य आखून दिलेलंच होतं. पण ती पिढी वेगळी होती. गांधीजींच्या विचारांनी भारलेली. १९४२ च्या भारत छोडो आंदोलनात नवलमल यांनी तुरुंगवास भोगला. वडिलांनीही भोगला. आज आपल्याला एका सेमिस्टरला केटी लागली तर करिअर संपलं असं वाटतं. त्या लोकांनी ऐन तिशीतली वर्षं तुरुंगात घालवली आणि बाहेर येऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

सुरुवात मात्र वकिलीने केली नाही. १९४७ मध्ये, म्हणजे देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी, फिरोदियांनी जय हिंद इंडस्ट्रीज नावाचा उद्योग काढला. नाव बघा! कंपनीच्या पाटीवर स्वतःचं आडनाव घालण्याऐवजी त्या वेळी प्रत्येकाच्या तोंडी असलेली घोषणाच त्यांनी घातली. स्वराज्य मिळालं, आता त्या स्वराज्यात वस्तू कोण बनवणार, हा प्रश्न त्या काळच्या बऱ्याच सत्याग्रह्यांना पडला होता. फिरोदियांनी त्याचं उत्तर कारखान्यात शोधलं.

आता रिक्षाची गोष्ट.

त्या काळात देशातल्या बऱ्याच शहरांत माणसाने ओढायच्या किंवा पायाने चालवायच्या रिक्षा होत्या. एक माणूस आरामात बसलेला आणि दुसरा घाम गाळत त्याला ओढतोय, हे दृश्य स्वतंत्र देशाला शोभत नाही, ही पद्धत बंद करा, अशी मागणी स्वातंत्र्याच्या सुमारास होऊ लागली. मागणी बरोबरच होती. पण नुसती बंदी घालून काय होणार? ओढणाऱ्याची भाकरी जाणार आणि बसणाऱ्याची सोयही जाणार. टांगा महाग आणि हळू. मोटार तर श्रीमंतांचीच. मधली जागा रिकामी होती, आणि ती कायद्याने भरणारी नव्हती. तिथे एखादं यंत्रच हवं होतं.

फिरोदियांच्या पाहण्यात एका नियतकालिकातलं चित्र आलं. इटलीतल्या पियाज्यो कंपनीची माल वाहायची तीनचाकी गाडी. तिची मूळ कथाही वाचण्यासारखी आहे. दुसऱ्या महायुद्धात पियाज्योचा विमानांचा कारखाना बेचिराख झाला. युद्धानंतर विमानं बनवायची नाहीत, मग कामगारांना काय काम द्यायचं? तेव्हा कोर्राडिनो दास्कानिओ या विमान इंजिनिअरने १९४६ मध्ये व्हेस्पा स्कूटर बनवली. त्याला मोटारसायकल अजिबात आवडत नसे. म्हणून त्याच्या स्कूटरला चेन नाही, इंजिन झाकलेलं, पाय ठेवायला सपाट जागा, आणि पुढचं चाक विमानाच्या चाकासारखं एका बाजूनेच धरलेलं. १९४८ मध्ये याच स्कूटरला मागे दोन चाकं आणि एक हौदा जोडून आपे ही तीनचाकी आली. आपे म्हणजे इटालियनमध्ये मधमाशी, आणि व्हेस्पा म्हणजे गांधीलमाशी. आवाज ऐकला की नावं पटतात!

इटलीत त्या हौद्यात भाजी, विटा, पिंपं जात. फिरोदियांना त्या हौद्याच्या जागी दोन माणसं बसलेली दिसली. हौदा काढायचा, बाक टाकायचं, वर छप्पर चढवायचं. ऐकताना सोपं वाटतं, पण इटलीतल्या बहुतेकांनी त्या गाडीकडे मालगाडी म्हणूनच पाहिलं होतं. गाड्या आयात झाल्या, त्यांत बदल झाले आणि तयार झालेली प्रवासी तीनचाकी त्या वेळचे मुंबई प्रांताचे गृहमंत्री मोरारजी देसाई यांना दाखवण्यात आली. वाहतुकीची परवानगी त्यांच्या खात्याकडून लागणार होती. मोरारजींची शिस्त प्रसिद्ध होती. पण माणसाने माणसाला ओढू नये हे त्यांनाही मान्यच होतं. परवानगी मिळाली आणि १९५० च्या आसपास देशातल्या मोजक्या शहरांत ही टुकटुक गाडी धावू लागली. पुणं त्यांतलं एक. मुंबईत आजही बांद्रा आणि सायनच्या पलीकडे दक्षिणेला रिक्षा चालत नाही, त्यामुळे कुलाब्याच्या माणसाला रिक्षा म्हणजे उपनगरातली वस्तू वाटते. आपल्याला मात्र गोरेगाव स्टेशनला उतरलं की पहिला आधार तोच.

गांधीवादी माणूस यंत्राच्या मागे कसा लागला, हा प्रश्न मला वाचताना सारखा पडत होता. आपल्या मनातले गांधीजी म्हणजे चरखा आणि यंत्राला विरोध. पण गांधीजींनी शिवणयंत्राचं कौतुक केलं होतं. सिंगरचं यंत्र त्यांना चालायचं, कारण ते माणसाचे कष्ट कमी करत होतं आणि माणसाला बेकार करत नव्हतं. रिक्षाला हीच कसोटी लावून बघा. ओढणाऱ्याच्या छातीवरचा भार इंजिनावर गेला, पण हँडल त्याच्याच हातात राहिलं. शिवाय स्वतःची गाडी घेऊन स्वतःचा धंदा करणारा एक नवा वर्ग तयार झाला. फिरोदियांनी हा हिशेब कागदावर मांडला होता की नाही ते राहू दे, पण निवड मात्र त्याच चालीची आहे.

या कामात त्यांचे भागीदार होते बजाज. जमनालाल बजाज म्हणजे वर्ध्याचे, गांधीजींनी ज्यांना मुलासारखं मानलं ते. त्यांना वर्ध्याच्या शेठ बच्छराज यांच्या घराण्यात दत्तक घेतलं होतं. त्या बच्छराजांच्या नावाने १९४५ मध्ये बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी निघाली आणि १९४८ पासून ती आयात केलेल्या दुचाक्या-तीनचाक्या विकू लागली. हीच पुढे बजाज ऑटो झाली. स्कूटर आणि तीनचाकी देशातच बनवण्याचा परवाना १९५९ मध्ये मिळाला. म्हणजे कल्पना सुचल्यापासून परवाना हातात पडेपर्यंत दहा वर्षं! परवान्याशिवाय तेव्हा काही बनवता येत नसे आणि किती नग बनवायचे हेही सरकार ठरवत असे. पुढे बजाज स्कूटरचं बुकिंग करून लोक वर्षानुवर्षं नंबरची वाट बघत.

आता थोडं इंजिनात डोकावू या. आर्ट्सवाल्या मित्रमैत्रिणींनी घाबरू नये, वायवा घेणार नाही.

या सगळ्या गाड्या टू-स्ट्रोक होत्या. टू-स्ट्रोक म्हणजे पिस्टनच्या एका वर-खालीत, क्रँकच्या एका फेऱ्यात, एक स्फोट. फोर-स्ट्रोकला त्यासाठी दोन फेरे लागतात. टू-स्ट्रोकला व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, टायमिंग चेन नाही. सिलेंडरच्या भिंतीला भोकं असतात, पिस्टनच ती उघडतो आणि बंद करतो. वजन कमी, भाग कमी, किंमत कमी, आणि रस्त्याच्या कडेला एक स्पॅनर आणि एक स्क्रूड्रायव्हर घेऊन दुरुस्त होणारं. १९५० च्या हिंदुस्थानात, जिथे सुटे भागही बोटीने यायचे, तिथे हे इंजिन नसतं तर रिक्षा एका वर्षात गंजत पडली असती.

पण या इंजिनाचा एक नखरा आहे, आणि तो राहतो कार्बोरेटरमध्ये. कार्बोरेटरच्या पोटात जेट असतं. जेट म्हणजे पितळेचा छोटासा तुकडा, त्याला मधोमध बारीक भोक. त्या भोकातून पेट्रोल येतं. गाडी उभी असताना काम करतं ते पायलट जेट, मधल्या वेगाला नीडल, आणि पूर्ण रेसला मेन जेट. आपल्याकडच्या स्कूटरच्या डेलॉर्टो पद्धतीच्या कार्बोरेटरमध्ये जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. १०० नंबरचं जेट म्हणजे बरोबर १ मिलिमीटरचं भोक.

भोक मोठं झालं की पेट्रोल जास्त, म्हणजे मिक्स्चर रिच. प्लग काळा आणि ओला होतो, गाडी धूर ओकते, पिकअप जातो. भोक लहान झालं की मिक्स्चर लीन. गाडी आधी मस्त पळते, हलकी वाटते, आणि मग एकदम पिस्टन जाम! कारण टू-स्ट्रोकमध्ये ऑइल वेगळं नसतं, ते पेट्रोलातच मिसळलेलं असतं. पेट्रोल कमी झालं की ऑइलही कमी. एकीकडे इंजिन जास्त तापणार आणि दुसरीकडे वंगण कमी, अशा दोन्ही बाजूंनी मार. म्हणून जुने मेकॅनिक रिच बाजूने सुरुवात करून हळूहळू लहान जेटकडे येतात, उलटं कधीच करत नाहीत. प्लगचं टोक चॉकलेटी रंगाचं झालं की जेट बरोबर.

आमच्या घराजवळच्या एका गॅरेजवाल्या काकांकडे मी मागच्या सुट्टीत आठवडाभर बसले होते. त्यांच्याकडे कॉलेजची पोरं जुन्या टू-स्ट्रोक गाड्या घेऊन येतात. कोणी सायलेन्सर बदललेला, कोणी एअर फिल्टर काढून टाकलेला. काकांचं ठरलेलं. फिल्टर काढला म्हणजे हवा वाढली, मग मेन जेट वाढवल्याशिवाय गाडी हातात द्यायची नाही. नवं जेट टाकलं की गाडी फुल रेसवर थोडी पळवायची, तिथेच इंजिन बंद करून क्लच दाबायचा आणि प्लग काढून रंग बघायचा. काकांनी हवेची घनता हा शब्द कधी वाचला नसेल, पण हात बरोबर जेटवरच जातो.

हवा बदलली की जेट बदलतं, ही यातली खरी मजा. कॅनडात बर्फावर चालणाऱ्या स्नोमोबाईलमध्येही वर्षानुवर्षं हेच टू-स्ट्रोक इंजिन आहे. समजा, तिथे तापमान उणे २० आहे आणि आपल्याकडे ३०. केल्व्हिनमध्ये २५३ आणि ३०३. म्हणजे तिथली हवा आपल्यापेक्षा जवळपास २० टक्के दाट. कार्बोरेटरमधून येणारं पेट्रोल मात्र हवेच्या घनतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणातच वाढतं, म्हणजे साधारण १० टक्के. उरलेले १० टक्के भरून काढायला भोकाचं क्षेत्रफळ १० टक्के वाढवायला हवं, म्हणजे व्यास ५ टक्के. इथे १०० नंबरचं जेट बरोबर असेल तर तिथे १०५ लागेल. आपल्या गाडीचं जेट तसंच ठेवून बर्फात नेलं तर पिस्टन जाम. उलट पुण्याला, समुद्रसपाटीपासून ५६० मीटरवर, हवा पाच-सहा टक्के विरळ. तेवढ्याने दीड नंबरचा फरक पडतो, म्हणून मुंबईची गाडी पुण्याला नेताना कोणी जेट बदलत नाही. लडाखला खारदुंग लावर मात्र हवा इथल्या निम्म्याहून थोडीच जास्त, तिथे आपल्या जेटची गाडी खोकत खोकत चढते.

मला हे फिरोदियांच्या गोष्टीशी जोडावंसं वाटतं. यंत्र चांगलं की वाईट हे नुसतं यंत्र बघून सांगता येत नाही. ते कुठल्या हवेत चालणार हे आधी विचारावं लागतं. इटलीच्या गावात माल नेणारी गाडी पुण्यात माणसं नेणार असेल, तर तिच्यात काय बदलायचं आणि काय तसंच ठेवायचं, हे कोणीतरी बसून ठरवावं लागतं. फिरोदियांनी ते काम केलं. इंजिन त्यांनी शोधलं नाही. पण इथली हवा त्यांना कळली होती.

आणि याच नजरेने ते गोरेगावला आले.

रिक्षाने माणसांची सोय केली, पण मालाचं काय? त्या काळी माल एकतर बैलगाडीने आणि हातगाडीने जायचा, नाहीतर मोठ्या ट्रकने. दहा पोती कांदा किंवा एका घराचं सामान नेणारी गाडीच नव्हती. जर्मनीत हॅम्बुर्गला व्हिडाल अँड झोन ही कंपनी टेम्पो नावाच्या लहान मालगाड्या बनवायची. त्यांची हान्झेआट ही तीनचाकी फिरोदियांनी निवडली. पुढे एकच चाक, आणि इंजिनाची ताकद त्याच पुढच्या चाकाला. मागे सगळा हौदा मोकळा. इंजिन दोन सिलेंडरचं, सुमारे ४०० सीसी, अर्थात टू-स्ट्रोक. भार पाऊण टनाच्या आसपास. जर्मनीत १९५० च्या दशकात लोकांच्या हातात पैसा आला तशी तीनचाकी मागे पडली आणि चारचाकी आली. तिकडे जिचा काळ संपत होता तिचा काळ आपल्याकडे सुरू होणार होता.

१९५८ मध्ये बजाज टेम्पो ही कंपनी स्थापन झाली आणि गोरेगावच्या कारखान्यात हान्झेआट तयार होऊ लागली. तेव्हाचं गोरेगाव डोळ्यांसमोर आणा. नुकतंच, १९५७ मध्ये, ते बृहन्मुंबईच्या हद्दीत आलं होतं. पूर्वेला आरेचे गोठे, पश्चिमेला खाडी आणि मिठागरं, मध्ये रेल्वे आणि घोडबंदर रोड. कारखान्यांना जागा होती, लोकलने कामगार येत होते आणि बंदरावरून येणारे पेटारे गाठता येत होते. परदेशी गाडी इथे उभी करायची, आधी बरेचसे भाग बाहेरून आणायचे आणि मग एकेक भाग देशात बनवायला शिकायचं, अशी त्या काळच्या सगळ्याच वाहन उद्योगाची वाट होती. आज आपण सबमिशनला एक बेअरिंग बाजारातून सहज विकत आणतो. तेव्हा चांगलं कास्टिंग मिळणं हीसुद्धा लढाई होती. फिरोदियांचं जय हिंद इंडस्ट्रीज पुढे याच कास्टिंगच्या कामासाठी ओळखलं गेलं, यात योगायोग नाही.

भाजीवाले, दूधवाले, फर्निचरवाले, मंडपवाले यांनी ती गाडी उचलली. ड्रायव्हर, मालक आणि हमाल एकच माणूस, असा धंदा तिच्यावर उभा राहिला. आणि गाडीच्या नाकावरचं नाव हळूहळू बोलण्यात शिरलं. उत्तर हिंदुस्थानात तर माणसं भरून नेणाऱ्या मोठ्या तीनचाकीलाही लोक टेम्पो म्हणू लागले. ब्रँडचं नाव सामान्य नाम होणं हा मान डालडा, झेरॉक्स अशा मोजक्यांनाच मिळाला आहे.

गोरेगावचा हा अध्याय मात्र लहान निघाला. मुंबईत जागा अपुरी पडत होती आणि पुण्याजवळ पिंपरी-चिंचवडचा औद्योगिक पट्टा आकाराला येत होता. १९६४ मध्ये कंपनी आकुर्डीला गेली. तिथे चारचाकी व्हायकिंग आली आणि पुढे मॅटाडोर. शाळेच्या ट्रिपपासून अँब्युलन्सपर्यंत सगळीकडे दिसणारी मॅटाडोर आपल्या आईबाबांना नक्की आठवत असेल. १९८० च्या दशकात या गाड्यांत मर्सिडीजचं डिझेल इंजिन आलं आणि नंतर ट्रॅव्हलर आली. आज आपण इंडस्ट्रियल व्हिजिटला ज्या गाडीत कोंबून बसतो ती त्याच घराण्यातली.

या प्रवासात एक मोठी फूटही झाली. बजाज आणि फिरोदिया, दोन्ही घरं गांधीजींच्या प्रभावातली, दोन्ही तुरुंग पाहिलेली, तरी १९६० च्या दशकाच्या शेवटी भागीदारीत बिनसलं. नवलमल १९६८ पर्यंत बजाज ऑटोची धुरा सांभाळत होते. त्यानंतर बजाज ऑटो बजाजांकडे गेली, राहुल बजाज तिचे प्रमुख झाले, आणि बजाज टेम्पो फिरोदियांकडे राहिली. कोणाचं चुकलं याचा निवाडा करायला मी कोण? पण एक गोष्ट मनात राहते. ज्या रिक्षाची कल्पना नवलमल यांनी आणली ती रिक्षा जगभर गेली बजाजच्या नावाने, आणि त्यांच्या स्वतःच्या कंपनीच्या पाटीवरही बजाज हेच नाव त्यांच्या हयातभर राहिलं. ती पाटी बदलून फोर्स मोटर्स झाली २००५ मध्ये. नवलमल त्याआधीच, १९९७ मध्ये, गेले होते. आपलं नाव लागलं नाही तरी काम चालू ठेवायला वेगळं धैर्य लागतं. आपल्या ग्रुप प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर नावांचा क्रम काय असावा यावरून होणारी भांडणं आठवा, म्हणजे मुद्दा कळेल.

धाकटे भाऊ हस्तीमल यांनीही वेगळी वाट काढली. १९७० च्या दशकात आलेली कायनेटिकची लूना त्यांच्या घरची. तीही टू-स्ट्रोक, ५० सीसी. या एका कुटुंबाने सामान्य माणसाला किती प्रकारे चाकांवर बसवलं ते बघा.

आता कडू भाग. टू-स्ट्रोकच्या भिंतीतली ती भोकं, जी त्याला स्वस्त करतात, तीच त्याचा दोषही आहेत. ताजं मिक्स्चर आत येताना जळालेला वायू बाहेर जात असतो, कारण काही क्षण दोन्ही दरवाजे उघडे असतात. त्यामुळे पाव हिस्सा किंवा कधी त्याहूनही जास्त पेट्रोल न जळताच सायलेन्सरमधून बाहेर पडतं. सोबत ऑइलचा निळा धूर. एका गाडीचं हे चालून जातं. लाखो गाड्यांचं होतं तेव्हा शहराचा श्वास कोंडतो. एस. व्ही. रोडच्या सिग्नलला तोंडावर ओढणी घेऊन थांबणाऱ्या माझ्या आईच्या पिढीने तो धूर खाल्ला आहे. २००० पासून नियम कडक होत गेले, मुंबईच्या रिक्षा सीएनजीवर आल्या, स्कूटर फोर-स्ट्रोक झाल्या. एखाद्या जुन्या टू-स्ट्रोकचा फटफट आवाज ऐकून आता आपल्याला छान वाटतं, पण रोज तो धूर खाणाऱ्यांना विचारून बघा.

मग फिरोदियांची निवड चुकली का? मला तसं वाटत नाही. १९४८ मध्ये समोर पर्याय होते ते माणसाचे पाय आणि टू-स्ट्रोक. त्या दोघांत त्यांनी जे निवडलं तेच बरोबर होतं. चूक झाली असेल तर ती नंतरची. हवा बदलली, गर्दी वाढली, शहरं फुगली, आणि आपण सगळ्यांनी जेट तेच ठेवलं. बंद बाजारात परवान्याच्या भिंतीआड तेच इंजिन अनेक वर्षं चालत राहिलं, कारण वाट बघणारं गिऱ्हाईक होतंच. एकदा बरोबर आलेलं उत्तर कायमचं बरोबर राहतं, असं समजण्याची चैन इंजिनिअरला परवडत नाही.

आज आपल्या रस्त्यावर इलेक्ट्रिक रिक्षा येत आहेत. त्यांना जेट नाही, प्लग नाही, धूर नाही. तरी फिरोदियांसमोर होता तोच प्रश्न त्यांच्यासमोर आहे. बॅटरी आपल्या मे महिन्यात किती तापेल, जुलैच्या पाण्यात काय होईल, चालवणाऱ्याला हप्ता परवडेल का, आणि रात्री दोन वाजता ती बंद पडली तर गोरेगावच्या कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये ती उघडता येईल का? ही उत्तरं परदेशी कॅटलॉगमध्ये छापून येत नाहीत. फायनल इयरच्या प्रोजेक्टचा विषय शोधत असाल तर यातला कुठलाही एक प्रश्न घ्या. गाईड मी सुचवेन, आणि गॅरेजवाल्या काकांशी ओळखही करून देईन. त्यांच्याकडे फक्त चहा आपल्या पैशाने घ्यावा लागतो.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी